डाव्या कोपऱ्याची अदलाबदल

सर,

शाळेतली साहित्याची खोली पाडून तिथं आता संगणकाचा वर्ग बांधलाय. आपल्या कबड्डी मंडळाच्या सगळ्या बैठका त्या खोलीत व्हायच्या, हे अंबडमध्ये आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. चुन्याची पोती, फाटका व्हॉलीबॉल, लेझमींचा ढीग, आणि खिडकीखालच्या लाकडी पेटीवर बसलेले तुम्ही. शाळेत कवायतीचे मास्तर, मंडळात सबकुछ. मी तुमचा जुना विद्यार्थी, तेव्हा कोर्टात कारकून आणि संघाचा उजवा कोपरा. तिसरे आपले सेक्रेटरी, कापड दुकानवाले. माणसं तिघंच, पण आवाज बाहेरच्या लिंबापर्यंत जायचा.

मला ज्या बैठकीबद्दल लिहायचंय ती संक्रांतीनंतरच्या एका रविवारची. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्ह्याचा स्वतःचा संघ पहिल्यांदाच निवडला जाणार होता आणि निवडीच्या सामन्यांत पुढं असावं असं प्रत्येक मंडळाला वाटत होतं. आपला बचाव पक्का होता, पण चढाईला जाऊन गडी बाद करून परत येईल असा धड एक माणूस नव्हता. टेंभुर्णीकडच्या एका मंडळाचं नेमकं उलट. त्यांचा निरोप आला होता की आमचा एक चढाईवाला घ्या आणि तुमच्या त्या दोन पोरांतलं एक आम्हाला द्या.

ती दोन पोरं म्हणजे सख्खे भाऊ. थोरला वीस वर्षांचा, धाकटा अठराचा. बाप नव्हता, आई मोंढ्यात धान्य निवडायला जायची. धाकटा डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि थोरला त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून. बचाव करणारे सगळेच हात धरून साखळी करतात, पण या दोघांचे हात खेळ थांबला तरी लवकर सुटायचे नाहीत. पाणी प्यायला निघाले तरी तसेच. पोरं हसायची. तुम्ही कधी हसला नाहीत.

"धाकट्याला आज देऊ नका," सेक्रेटरी म्हणाले. "ह्या वयात इतक्या जल्दी घोटा धरणारं पोरगं कुठं हाय? वर्षभर थांबा. मंग त्याच्या बदल्यात दोघं मागू."

"वर्षभरात पाय मोडून बसला तर?" मी म्हणालो. "आज त्याला मागणी हाय, आजच द्यावं. थोरला सावकाश हाय, पण दहा वर्षं टिकंल. कुणी मागून राह्यलंय तवर धाकट्याला काढा."

"आन् थोरल्याला दिलं तर?"

"त्याच्या बदल्यात त्यांचा चांगला चढाईवाला येणार न्हाई. दुसरा येईल, तो काय कामाचा?"

तासभर आम्ही असं बोलत होतो. कुणाची उंची, कुणाचं वजन, कोण घाबरतो, कोण शिकतो. तुम्ही चुन्याच्या दोरीचा गुंता सोडवत होतात. मध्येच मान वर न करता म्हणालात, "दोघं बैलाच्या बाजारात बसल्यावानी बोलून राह्यले तुमी. धाकटा शेजारी नसंल तर थोरला कितीचा, ते कुणी सांगा मला." तरी धाकट्याला द्यायचं हे माझंच म्हणणं टिकलं, कारण चढाईवाला हवाच होता, हे तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही ना हरकत पत्रावर सही केलीत आणि पेन माझ्या हातात न देता पेटीवर ठेवलंत.

दीड महिन्यानं त्या मंडळाची जीप एका वळणावर कलंडली. भर दुपारी, सामना खेळून परत येताना. आतल्यांना खरचटलं. धाकटा मागं लटकून उभा होता.

थोरला तेराव्यानंतर मैदानात आला तेव्हा तुम्ही त्याला काही न बोलता डाव्या कोपऱ्यात उभं केलंत. त्याच्या पलीकडं आता फक्त चुन्याच्या फक्कीची रेषा. पहिल्याच सामन्यात मला समोरच्या टोकावरून दिसलं की त्याचा उजवा हात शेजारच्या गड्याच्या हातात आहे आणि डावा हात बाहेरच्या बाजूला लांब, मूठ अर्धी मिटलेली. तसा हात बाहेर ठेवला तर चढाईवाल्याला आयता स्पर्श मिळतो. तुम्ही ओरडलात, "डावा हात आत घे. मोकळा सोडू नको."

त्यानं तुमच्याकडं पाहिलं. पोरगं उद्धट कधीच नव्हतं. शांतपणे म्हणालं, "मोकळा न्हाई सर. धरलाय."

तुम्ही पुन्हा सांगितलं नाहीत.

पुढच्या रविवारी पिंपळगाव रेणुकाईहून संघ आला होता. दुपारचे चार वाजले असतील, ऊन लख्ख, मैदानावर सावलीचा तुकडा नाही. त्यांचा चढाईवाला दम धरून थेट डाव्या कोपऱ्याकडं गेला आणि अर्ध्यातून माघारी फिरला. पंचांपाशी जाऊन म्हणाला, "साहेब, ह्यांचे आठ गडी हायेत." पंचांनी बोट दाखवत मोजलं. सात. त्याला परत पाठवलं. तो पुन्हा त्या बाजूला गेला, पुन्हा थांबला, आणि वळून माझ्या कोपऱ्यात आला, तेव्हा मी त्याला सहज धरला. धरलेल्या माणसाचं काळीज मला माझ्या दंडाला लागत होतं. कानाशी तोंड आणून तो म्हणाला, "तिकडचं ते पोरगं खेळून का न्हाई राह्यलं? नुसतंच उभं हाय."

सामना आपण जिंकला. लोक पांगल्यावर मी डाव्या कोपऱ्यात गेलो. पाणी मारून जमीन दाबलेली होती, त्यामुळे पावलं स्वच्छ उठली होती. थोरल्याची पावलं रेषेच्या आत, टाचा रुतलेल्या. त्याच्या डावीकडं, रेषेला लागून, दोन अनवाणी पावलं आणखी. लहान मापाची, शेजारी शेजारी, पुढं किंवा मागं गेल्याची खूण नसलेली. तुम्ही माझ्या मागं कधी येऊन उभे राहिलात मला कळलं नाही. चपलेनं तुम्ही ती पावलं हळूहळू पुसलीत, आधी एक, मग दुसरं, आणि म्हणालात, "चल, चहा घेऊ." त्यावर आपण पुढं कधीच बोललो नाही. मी धाडस करायला हवं होतं.

त्या हंगामात आपल्या डाव्या कोपऱ्यातून एकही चढाईवाला गुण घेऊन गेला नाही. बातमी पसरली. बाहेरच्यांना वाटलं थोरला फार तयार झालाय. मग जालन्याच्या एका स्टील कारखान्याचा माणूस आला. त्यांच्या संघाला थोरला हवा होता. बदल्यात दोन चढाईवाले, दोघंही कसलेले, आणि थोरल्याला कारखान्यात कायमची नोकरी. बैठक बसली, त्याच खोलीत, आम्ही तिघं.

सेक्रेटरींचे डोळे चमकत होते. "वीस वर्षांचा कोपरा, आन् त्याला दोन चढाईवाले. असा सौदा पुन्हा न्हाई यायचा. बिलकुल न्हाई."

तुम्ही म्हणालात, "ते दोघांला दोघं देऊन राह्यले. बराबरच हाय त्यांचं."

सेक्रेटरी हसायला गेले आणि तुमच्या चेहऱ्याकडं बघून थांबले. खोलीत चुन्याचा वास होता. बाहेर मैदानावर कुणी नव्हतं, तरी कुणीतरी एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत असल्यासारखं आम्हा तिघांनाही ऐकू आलं. तिघांनीही दाराकडं पाहिलं, म्हणून म्हणतो.

मी तेव्हा भांडलो. म्हणालो, सर, खेळाचं सोडा, त्याच्या आईचा विचार करा. तिला मोंढ्यातून सुटका मिळेल. तुम्ही थोरल्यालाच बोलावलंत. तो दारात उभा राहिला, आत आला नाही. तुम्ही सगळं नीट सांगितलंत, नोकरीसकट.

"मी गेलो तर त्यो कुठं उभा राहील, सर? त्याला हेच मैदान ठावं हाय."

तुम्ही मान डोलावलीत आणि मला म्हणालात, "त्याला इचारलं, त्यानं सांगितलं. इषय संपला." मला तुमचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात तुम्हाला औरंगाबादच्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला आलो तेव्हा तुमचा आवाज खोल गेला होता. थोरल्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. एवढंच विचारलंत, "चुना आला का?" आला म्हणालो. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं, सरांनी शेवटच्या भेटीत निरोप दिलाय, तू जालन्याला जा. थोरला चुलीपाशी बसला होता. त्यानं विचारलंसुद्धा नाही की खरंच का. तुमचं नाव घेतल्यावर तो कशाला विचारेल. त्याची आई मात्र म्हणाली, "सर काय म्हणले, एकट्यानंच जायचं?"

मी म्हणालो, "हो. एकट्यानंच."

तेव्हा त्यानं डाव्या हाताची मूठ उघडली. एकेक बोट सोडवावं तशी. मला ते बघवेना, मी बाहेर येऊन चप्पल घातली.

तो गेला. कारखान्याचा संघ पहिल्याच स्पर्धेत त्याच्या कोपऱ्यातून फुटला. त्यांचा माणूस माझ्याकडं येऊन म्हणाला, "तुमी आमाला दुसराच गडी तर न्हाई दिला?" खेळ सुटला, पण नोकरी टिकली. आज तो तिथं मुकादम आहे, स्वतःचं घर आहे, आई अखेरपर्यंत त्याच्याकडं सुखात होती. भेटला की वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, "सरांनी धाडलं म्हून झालं सगळं." मी दर वेळी नुसता हसतो.

आता राहिलेलं सांगतो. तो गेल्यावर डाव्या कोपऱ्यात उभं राहायला कुणी तयार होईना. दोन पोरांनी एकेक दिवस उभं राहून पाहिलं आणि काही कारण न सांगता यायचंच सोडलं. शेवटी मीच तिथं गेलो. सरावाचा खेळ होता, ऊन टळटळीत, समोर आपलाच नवा चढाईवाला. तो मध्यरेषा ओलांडून आत आला आणि माझ्या डाव्या हातात हात आला. कोरडा, चुन्यानं खरखरीत झालेला, किरकोळ हात. थंड नव्हता, कुणीही काही म्हणो. अंगठ्यानं त्यानं माझ्या तळव्यावर दोनदा दाबलं. दोघा भावांची ती खूण सगळ्या संघाला माहीत होती. म्हणजे आता मी घोट्याला जातो, तू वरून धर. तो मला थोरला समजत होता, सर. त्यानं दोनदा दाबलं, थांबला, आणि मी काहीच करत नाही म्हटल्यावर पुन्हा दोनदा दाबलं. मी मान वळवून बघितलं नाही. हात झटकला आणि मैदानाबाहेर आलो. मागं वाळलेल्या मातीवर कुणीतरी एक पाऊल टाकल्याचा आवाज आला, एकच.

कोर्टाच्या कोऱ्या कागदांवर हे लिहिलंय. निवृत्तीच्या वेळी काही कागद घरी आले होते, त्यांतलेच. पाकीट घेतलेलं नाही. वाचून झालं की घडी घालून कपाटात ठेवून देईन, मुलांना सापडलं तर सापडलं.

त्या दिवसानंतर मी कधी खेळलो नाही. सगळ्यांना सांगितलं, गुडघा गेला. घरात अजून तेच सांगतो. गुडघ्याला काही झालं नव्हतं.