रिट्रेंचमेंट : मूळ आणि अर्थ

१२ जुलै १९५४, सोमवार
आजपासून रोज एक इंग्रजी शब्द मुळापासून शिकायचा. संकल्प पक्का.
पहिला शब्द आयताच मिळाला. तांदळावरचा सरकारी कंट्रोल उठला, परमिटाचे फॉर्म भरणे संपले. राईस मिलमध्ये आता दोन कारकून कशाला, असे छोटेलाल शेठ म्हणतात. दोन म्हणजे मी आणि केवळराम. एकाला काढायचे. याला इंग्रजीत 'रिट्रेंचमेंट' म्हणतात, हे शेठना मीच सांगितले. शेठ पान चघळायचे थांबले. खूश झाले असावेत.
नोटीस मी लिहायची. मिलमध्ये इंग्रजी येते ते मला एकट्याला.

१३ जुलै
डिक्शनरी काढली. 'ए' ते 'डी' वाळवीने खाल्ले, 'आर' शाबूत. शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ कापणे, छाटणे. खर्चाला लागतो, पुस्तकातल्या मजकुरालाही लागतो. आणखी एक अर्थ लढाईतला : बाहेरचा तट पडला तर मागे हटून लढण्यासाठी आत केलेला आडोसा. म्हणजे पडतात ते बाहेरचे. आत उरतो तो मी.
हे सगळे रुख्माला समजावले. ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "मंग कोनाले काढून राहिले?" मी म्हणालो, ते ठरायचे आहे. ती म्हणाली, पह्यले ते पाहा.
बायकोला मुळात रस नाही.

१४ जुलै
नवा शब्द घेतला नाही. आधी एक पक्का होऊ द्यावा.

१६ जुलै
शेठनी विचारले, किसको निकालें? मी म्हणालो, नाव घेणे बरे दिसत नाही, नियम घालावा. जो शेवटी आला तो पहिला जाईल. कायद्यातही असेच आहे. मी सन सत्तेचाळीसचा, केवळराम पन्नासचा. शेठनी मान डोलावली.
खिडकीजवळची हातांची खुर्ची आता परत माझ्याकडे येईल. बावन साली ती केवळरामला दिली होती. मी त्याच दिवशी इंग्रजीत राजीनामा ठोकला होता. अकराव्या दिवशी शेठचे बोलावणे आले. माझ्यावाचून चालेना त्यांचे.

१७ जुलै
नोटिशीत एकच नियम फार उघडा वाटत होता. दुसरे कलम जोडले : नोकरीत खंड पडला असेल, तर खंडानंतरचीच तारीख धरावी. गेल्या साली केवळराम टायफाईडने दोन महिने आमगावला पडून होता. आता कोणी काही म्हणायला जागा नाही. ड्राफ्टिंग असे असावे.

१९ जुलै, सोमवार
दुपारी केवळराम माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याला तीन मुली. म्हणाला, "भाऊ, माह्यं कसं होईल?" धीर द्यावा म्हणून मी त्याला शब्दाचे मूळ सांगितले. पाऊण तास लागला. तो खाली मान घालून ऐकत होता. कॅरेक्टर सर्टिफिकेट माझ्या इंग्रजीत देईन, असेही सांगितले.
तो गेल्यावर वाईट वाटले. चहा गोड लागला नाही. पण नियम म्हणजे नियम.

२५ जुलै, रविवार
वाचनालयात माझे व्याख्यान. विषय : रिट्रेंचमेंट. श्रोते तीन. दोघे पेपरसाठी थांबले होते. तिसरा पेपर वाचत होता.
विषय जड पडला. गोंदियाची तयारी नाही.

२६ जुलै, सोमवार
शेठनी जुनी फाईल मागवली. दुसरे कलम त्यांना फार आवडले होते. केवळरामचा खंड कागदावर दाखवा म्हणाले. इंग्रजी कागद, म्हणून वाचायला मीच.
पहिला कागद, केवळरामचा रजेचा अर्ज. मीच लिहून दिलेला. 'नोकरीत खंड न मानता रजा मिळावी.' हे वाक्य वजनदार दिसते म्हणून मीच घातले होते. खाली शेठची सही.
त्याखालचा कागद माझा राजीनामा. शेठ म्हणाले, ये भी पढ़िए. वाचला. 'या क्षणापासून मी मिलशी सर्व संबंध कायमचे तोडत आहे.' शेठनी 'कायमचे' कशावरून, असे विचारले. खोटा अर्थ सांगता आला असता. कोणाला कळलेही नसते. पण 'फॉरएव्हर'चा अर्थ मी खरा सांगितला, मुळासकट.
शेठ बोटांवर मोजून म्हणाले, "तो मुनीमजी, आप तो बावन के हुए. और केवळराम पचास का."
मी म्हणालो, दुसरे कलम गाळता येईल. शेठ म्हणाले, इतना अच्छा लिखा है आपने.
नोटिशीत रिकाम्या जागी नाव घालायचे होते. तेही मलाच घालावे लागले. अक्षर चांगले आले.

२७ जुलै
रुख्माला सांगितले. म्हणालो, शेठ अकरा दिवसांत परत बोलावतील, मागच्यासारखे. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि म्हणाली, "तवा शेठानीपाशी मी पदर पसरला होता. आता नाई पसरत."
हे मला माहीत नव्हते. दोन वर्षे ही बाई काही बोलली नाही.
लाज वाटली. आज आणखी काही लिहीत नाही.

३० जुलै, शुक्रवार
नवा संकल्प : अंगमेहनत. रुख्मासोबत कुडव्याला भाताच्या रोवणीवर गेलो. बायांची मुखिया धुरपताबाई. तिने मला ओळीच्या टोकाला उभे केले. चिखल गुडघ्यापर्यंत. रुख्माची ओळ सरळ, माझी जरा कलात्मक. तरी हात बसत चालला होता. महिनाभरात मुखिया होईन, असे वाटले.
दुपारी रोपांच्या पेंढ्या कमी पडल्या. एक माणूस जास्त झाला. धुरपताबाईने ओळीवरून नजर फिरवली आणि मला म्हणाली, "तुमी आखरीले आले ना भाऊ? मंग पह्यले तुमीच घरी जा."
तिने डिक्शनरी पाहिलेली नाही.
पाय धुऊन घरी आलो. रुख्मा संध्याकाळी येईल. भात मी टाकला आहे.