शिसवी चिंबोरी

अण्णा, तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी लाकडाची एक चिंबोरी कोरली. ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय.

गोडदेवच्या आपल्या कारखान्यात तुम्ही कपाटं, देव्हारे करायचात आणि मी शाळेतून आले की खाली पडलेले तुकडे वेचत बसायचे. एकदा चांगल्या शिसवी तुकड्यातून मी बोटाएवढा बेडूक काढला, तर तुम्ही गिऱ्हाइकासमोरच म्हणालात, "एवढ्याशाचं काय करणार? सदऱ्याला बटण लावणार?" मी रडले नाही, पण बरेच दिवस तिकडे फिरकले नाही. मग एका दुपारी तुम्ही माझ्या हातात एक कोरणी ठेवलीत, छत्रीच्या काडीला धार काढून केलेली. इतकी बारीक कोरणी मला अजून कुठल्या दुकानात मिळालेली नाही.

आम्ही मीरा रोडला राहायला आलो तेव्हा मोबाइल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते. ऑफिसजवळच्या लायब्ररीत एका पुस्तकात मला जपानी नेत्सुके दिसली. त्यांच्या जुन्या पोशाखाला खिसे नसत. तंबाखूची पिशवी दोरीने कमरपट्ट्याला लटकवायची आणि दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला मुठीत मावेल असं कोरीव काम अडकवायचं. म्हणजे बटणच, अण्णा! मी तिथेच उभ्या उभ्या हसले.

मग मी खेकड्याचं नेत्सुके कोरायला घेतलं. कपड्यात अडकेल असं टोक त्याला कुठेही चालत नाही, आणि पोटाची बाजूही पाठीइतकीच मन लावून कोरावी लागते. माझ्या पहिल्या चिंबोरीची नांगी तुटली. दुसरी ढेकणासारखी दिसायला लागली. शेवटी किनाऱ्यावरच्या पालीहून भाईंदरच्या बाजारात येणाऱ्या कोळीण मावशीकडून जिवंत मादी आणली आणि ओट्यावर ठेवून बघत बसले. नवरा विचारतोय रस्सा कधी होणार, आणि मी म्हणतेय, आधी पाय नीट बघू दे.

तिसरी जमली. पाय पोटाशी घेतलेले, नांग्या मिटलेल्या. रविवारी बाजारात मी ती मावशीच्या तळहातावर ठेवली. मावशीने खऱ्या चिंबोरीसारखी ती उलटी केली, पोटावरच्या रुंद झडपेवरून अंगठा फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, "मादी हाय. भरलेली." शेजारणीने घेऊन दाबून पाहिली, मग नखाने वाजवली. "लाकराची हाय गो," ती म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. बघता बघता ती सगळ्या रांगेतून हातोहात फिरली. मी मधोमध उभी, एखादी स्पर्धा जिंकल्यासारखी.

हे पत्र मी कपाटात ठेवून देणार आहे. खरं सांगू का, त्या सकाळी मला तुमची आठवण आली नव्हती. मी इतकी खूश होते, की तुम्ही आठवलात ते घरी पोचल्यावर, हात धुताना.