मोटारीची चार दारं

आश्विन शुद्ध ३, शके १८५१. धार

शेवटी मोटार मिळाली! यशवंतराव सरदारांची जुनी, त्यांच्या चिंचेखाली दोन पावसाळे उभी असलेली. ह्यांनी त्यांच्या मुलांना चित्रकला शिकवली, ती ओळख कामी आली. "मास्तर, इंजिन ठणठणीत आहे. दारं तेवढी तुम्ही बघा आणि खुशाल देवासला न्या. ड्रायव्हरही देतो." दारं म्हणजे काय — दोन सुंभाने बांधलेली, एक आतून उघडत नाही, एकाची मूठच गायब!

लेकीला, प्रमूला, बाळंतपणाला घरी आणायची आहे. गेल्या वर्षी सातव्यात तिचं बाळ गेलं, तिकडे सासरी. तार पोचून मी जाईपर्यंत सगळं संपलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. या खेपेस मी जवळ हवी. आई अंबाबाई, दुसरं काही मागत नाही.

आश्विन शुद्ध ५

मोटारीची कीर्ती देवासपर्यंत पोचली! व्याह्यांचा, तात्यासाहेबांचा निरोप — "मोटार जरूर आणा. पण सुंभ बांधलेल्या दाराशी मी सून बसवणार नाही." आधी राग आला. पोळ्या लाटता लाटता वाटलं, खरंच आहे की.

कोजागिरीला आठवा लागतो. आठव्यात हलवायचं नाही. त्याच्या आत जायला हवं.

आश्विन शुद्ध ६

हे शाळेतून आले की थेट चिंचेखाली. मीही जाते. दाराच्या आतलं कातडं खिळे उपटून सोडवलं. मुठीत एक बारीक खीळ असते, ती ठोकून काढली की मूठ हातात येते. आत चौकोनी दांडा. दाराच्या कडेला कुलपाची पेटी, चार पेचांची. गंज केवढा! घासलेट सोडून ठेवलं.

सुटे भाग हरवायला नकोत म्हणून जुना मिसळणाचा डबा दिला. मोहरीच्या वाटीत पुढच्या दाराचे पेच, हळदीच्या वाटीत मागच्याचे. हे म्हणाले, "आज फोडणी लोखंडाची का?" म्हटलं, हसा! पण हा डबा आता माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही.

आश्विन शुद्ध ८

कुलपाची जीभ आत जाते, बाहेर येत नाही. स्प्रिंग तुटलेली. घरातल्या बंद पडलेल्या घड्याळाची कमान कापून हे तीच वाकवत बसले. बोटं सोलवटली. दिवेलागणीला दार लोटलं — खट्! मी म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा खट्! इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता.

आश्विन शुद्ध ९

चौथ्या दाराची मूठ लोहाराने घडवून दिली. काळी, बोजड. तीन पितळी बहिणींत सावत्र दिसते. पण पक्की!

विजयादशमी

मोटारीची पूजा केली. चारी मुठींना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. किल्लीच्या भोकांपाशी तुपाचं बोट लावून अक्षता वाहिल्या — बये, माझी लेक या दारांतून सुखरूप आण.

त्रयोदशीचा मुहूर्त आहे.

आश्विन शुद्ध १३

निघालो नाही.

पूजेनंतर ड्रायव्हर मानाजीने मोटारीला कुलपं लावून ठेवली होती. आज किल्ली फिरेना. त्याने जोर केला आणि ती मोडली! "मास्तरसाब, चाबी तो अंदरही रह गई!" मागची दोन्ही दारं बंद. पुन्हा कातडं, पुन्हा खिळे. पेटी उघडली तर आत लाल चिखल. तांदूळ तुपात माखून अडकलेले, कुंकवाने जीभ चिकटलेली. मानाजी म्हणाला, "बाईसाहेब, ये मोटर का ताला है, मंदिर का नहीं." मला तिथेच रडू आलं. ज्या देवीला साकडं घातलं तिनेच वाट अडवावी?

हे रागावले नाहीत. एक एक दाणा काढत म्हणाले, "अडवली नाही. आत बसून राहिली आहे. तिला प्रमूकडे आपल्याआधी जायचंय."

कोजागिरी

दुसरं कुलूप दुपारी सुटलं. आज आठवा लागला. तरी उद्या निघायचंच.

आश्विन वद्य १. देवास

क्षिप्रा ओलांडताना हात जोडले. विहीणबाई, यमुनाबाई, दारातच म्हणाल्या, "दोन दिवस हो! दोन दिवस आधी येता तर! आता पोरीने नदी ओलांडायची नाही." मीही दुसऱ्याच्या सुनेला हेच सांगितलं असतं. तात्यासाहेबांनी चारी दारं उघडून लावून पाहिली. "मास्तर, काम चोख आहे हो," म्हणाले आणि खाली बघत राहिले.

प्रमू मोटारीत जाऊन बसली. जायचं नाही, तरी बसली. "बाबा, ही काळी मूठ कुठली?" "तुझ्यासाठी घडवली." तिने दार लावलं, उघडलं, लावलं. "नीट लागतं गं, आई." आणि पदर तोंडाला.

मी ठरवलं. लेकीला मुलगा होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही रीत मोडणार नाही. पण देवीच्या टेकडीखाली धर्मशाळा आहे. तिथे माझी चूल, माझं पीठ. बाकी दिवसभर प्रमूजवळ. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "आणि माझ्या जेवणाचं?" म्हटलं, तो डबा आहे ना! घाला लोखंडाची फोडणी. हसले. मग बराच वेळ माझी वळकटी बांधत बसले. एवढीशी वळकटी!

आश्विन वद्य २

हे मोटार घेऊन गेले. वळणापर्यंत मागे वळून बघत होते.

कार्तिक शुद्ध ७

प्रमूच्या पायांना सूज. तेल चोळते. बाळ फिरतं तेव्हा माझा हात ओढून पोटावर ठेवते. "आई, फिरतंय ना? नक्की ना?" नक्की, बाळा.

मार्गशीर्ष शुद्ध ११

पहाटे सुटली. मुलगी! रडली — घर दणाणून रडली! प्रमूचा हात माझ्या हातात होता.

मार्गशीर्ष वद्य ८

बारसं झालं. यमुनाबाईंनी माझ्यापुढे शिध्याचं सूप ठेवलं — धर्मशाळेत रांधून घ्यायला. दबकत म्हणाल्या, "मुलगा असता तर आज इथेच जेवला असतात." प्रमू झाली तेव्हा माझी आई अशीच सूप घेऊन माझ्या दारातून परतली होती. प्रमू बाळाला घेऊन बघत होती.

मी सूप बाजूला सारलं. पाटावर बसले. म्हटलं, "वाढा."