चावी माझ्याच खिशात

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. संध्याकाळ.
संकल्प. सहाला उठणे. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. शाळेत सव्वादहाला हजर. या खेड्यातून सुटका. शेवटचा जमला की बाकीचे आपोआप जमतील.

आज पांढुर्ण्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग सुरू झालं. विषय काय, तर प्राथमिकच्या मुलांना डिझाईन, टेक्नॉलॉजी आणि विज्ञान शिकवणे. ज्या पोट्ट्यांना अजून नाक पुसता येत नाही, त्यांना डिझाईन! जेवणात पुऱ्या गार, भाजीवर बोटभर तेल. शी! पण एक गोष्ट कामाची निघाली. जानेवारीत जिल्ह्याचं प्रदर्शन आहे. ज्या शाळेचा पहिला नंबर, तिचा मार्गदर्शक शिक्षक जिल्ह्याचा मास्टर ट्रेनर. म्हणजे पांढुर्ण्याला ऑफिस, फिरती खुर्ची, पोट्टे नाहीत, आणि ऑफिस उघडते अकराला. बावीस वर्षं खडू खाल्ल्यावर माझा एवढा तर हक्क बनतोच.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
ट्रेनिंग संपलं. कालचं फारसं आठवत नाही, मागची रांग मिळाली होती. पण मुद्दा समजला, मॉडेल पाहिजे. एक पुस्तिका दिली आणि एक किट, मोटरी, वायरी, बॅटऱ्या. किट घरी आणलं. शाळेत ठेवलं तर पोट्टे दोन दिवसांत वाट लावतील. पुस्तिका पाचवीच्या तेजस्विनीला देतो. ती पोट्टी सगळं वाचते, किराण्याच्या पुडीचा कागदही सोडत नाही. वाचून मला थोडक्यात सांगेल.

माझी आयडिया ठरली. संत्रा निवडणारा रोबो. मोठा संत्रा इकडे, लहान तिकडे. जिल्ह्याचे शिक्षण साहेब पाहूनच गार झाले पाहिजेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
पोचलो ११:४०. सौंसरहून शाळा सतरा किलोमीटर. घरून तर मी साडेनऊलाच निघतो. रामाकोन्याच्या फाट्यावर वसंताच्या टपरीत एक चहा, पेपर, दुसरा चहा, मग खर्रा घोटून घेणं. आता यात माझा काय दोष? माणसाला उभारी लागते.

फाटकाला कुलूप, बाहेर एक्केचाळीस पोट्टे आणि सुचिता मॅडम. या आमच्या अतिथी शिक्षिका, म्हणजे तात्पुरत्या. राहतात गावातच, म्हणून वेळेवर येण्याचा लय अभिमान. पहिली-दुसरीला पायरीवर बसवून पाढे घेऊन राहिल्या होत्या. मला म्हणे, सर, दुसरी चावी माझ्याजवळ देऊन ठेवा ना, लेकरं थंडीत बसतात. मी म्हटलं, मॅडम, प्रभारी मी आहे, जबाबदारीची वस्तू आहे, चावी माझ्याच खिशात राहील. दोन वर्षांत हे तिसऱ्यांदा. लोकांच्या चिकाटीचीही किळस येते कधीकधी.

पहिली तासिका विज्ञानाची असते. गेली. उद्या डबल घेऊ.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
डबल घेतली नाही. शुक्रवारी मूड नव्हता.

तेजस्विनीने पुस्तिका अख्ख्या पाचवीला वाचून दाखवली. मला येऊन सांगते, सर, मॉडेल शेवटी असते. आधी आपल्या आजूबाजूची खरी अडचण शोधायची. ज्याच्यामुळे अडचण आहे त्याच्याशी बोलायचं. मोजायचं. करून पाहायचं. नाही जमलं तर पुन्हा करायचं. मी म्हटलं, करा बाप्पा, करा. पोट्टे कामात असले की मला रोबोला वेळ. मॅडमना सांगितलं, यांचं तुम्हीच पाहा. पण एक बजावून ठेवलं, त्या पुठ्ठ्याबिठ्ठ्याच्या मॉडेलवर माझं नाव टाकायचं नाही. माझं नाव फक्त रोबोवर. जिल्ह्यासमोर उगाच हसं नको.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
आज एक चांगली गोष्ट झाली, लिहून ठेवतो. तेजस्विनी आणि चौथीतला अंकुश (नाक बारा महिने वाहते, पाहवत नाही) वही घेऊन आले. मुलाखत पाहिजे म्हणे. कितीला उठता, कितीला निघता, रस्त्यात कुठे थांबता, कोण भेटते, काहून थांबता. मी मोकळेपणी सगळं सांगितलं. फोन नंबरही दिला. माझ्यावर निबंध लिहून राहिले असतील, आदर्श शिक्षक वगैरे. एवढ्या वर्षांत कोणाला तरी सुचलं. शेवटी अंकुश म्हणे, सर, तुम्हाले शाळेत यायला आवडते का? मी म्हटलं, नाक पूस.

३ डिसेंबर, बुधवार.
नऊच्या ठोक्याला अनोळखी नंबरवरून फोन. सलग तिसरा दिवस. उचलला की कोणी म्हातारी विचारते, निघाले का जी? आणि ठेवून देते. लोनवाल्यांनी आता म्हाताऱ्याही नोकरीला ठेवल्या वाटते. ब्लॉक केला.

रोबो: मोटर फिरते, पण उलटी. वायर बदलली तर धूर निघाला. अमिताने नाकाला पदर लावला. म्हणे, हे किट लेकरांचं आहे ना? मी म्हटलं, लेकरांसाठीच तर जाळून राहिलो. बायकोला टेक्नॉलॉजीतलं काय कळते?

९ डिसेंबर, मंगळवार.
वसंताने बाकडं काढलं! बारा वर्षांचं गिऱ्हाईक मी. म्हणे, सर, पाय मोडला बाकड्याचा. मागे ताडपत्रीखाली चारही पाय स्वच्छ दिसत होते. उभ्याने चहा मला उतरत नाही, घशातच अडकते. दोन घोटांत संपवला आणि समोरच्या पानठेल्यावर जाऊन बसलो. तिथली खुर्ची चांगली निघाली, पाठ टेकता येते. पोचलो ११:५५. जुन्या गिऱ्हाइकाची कदरच राहिली नाही कोणाला.

१६ डिसेंबर, मंगळवार.
आज हद्द झाली. दहाला पानठेल्यावर बसलो होतो. अंकुश सायकल हाणत आला. म्हणे, सर, शाळेपुढे पांढरी जीप उभी आहे. म्हणजे साहेबांचीच! खर्रा थुंकला, गाडीला किक मारली, १०:२२ ला फाटकावर. जीप नाही, साहेब नाही, काही नाही. पोट्टे टाळ्या वाजवून राहिले. अंकुशचा कान पिरगळला.

पण आता आलोच होतो. नाइलाजाने पहिल्या तासाला विज्ञान घेतलं. मीठ पाण्यात टाकलं, विरघळलं. तेजस्विनी म्हणे, सर, ते गेलं कुठे? मी म्हटलं, दाखवतो. स्वयंपाकाच्या चुलीवर तवा ठेवला, पाणी आटवलं, मीठ परत आणून दाखवलं. पोट्टे डोळे फाडून पाहून राहिले. मग एकाच तव्यावर सगळ्यांनी बोटं फिरवून मीठ चाटलं, अंकुशनेही, त्याच नाकाने. शी शी शी. तासिका मात्र बरी झाली. बरी म्हणजे खरंच बरी. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. उद्यापासून वेळेवर.

१७ डिसेंबर, बुधवार.
११:४५. धुकं होतं.

२९ डिसेंबर, सोमवार.
१२:२५. आज पेपरात वर्षभराचं राशिभविष्य होतं, ते काही घाईत वाचायची वस्तू नाही. माझ्या राशीला जानेवारीत स्थानबदल आणि मानसन्मान. अजून काय पाहिजे?

५ जानेवारी २०२६, सोमवार.
रोबोचं काम तज्ज्ञाकडे सोपवलं. अमिताच्या भावाचा पोरगा पंकज नागपूरला इंजिनीअरिंगला आहे, तो बनवून आणून देते. मार्गदर्शन माझंच. रोबोजवळ कोणी पोट्टा उभा पाहिजे म्हणून अंकुशला धरलं, दुसरं कोणी तयार होईना. त्याला इंग्रजीत चार ओळी पाठ करायला दिल्या.

पाचवीच्या भिंतीवर आलेख लागला आहे. रोजची एक दांडी. म्हटलं, कशाचा? तेजस्विनी म्हणे, वेळेचा. बसच्या वेळेचा असेल, गावात बस कुठे वेळेवर येते? एक दांडी सगळ्यांत उंच होती. मी म्हटलं, ती लाल करा, उठून दिसेल. एवढं मार्गदर्शन कोण करते?

अंकुशने शाळेची चावी मागून घेतली. पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने गिरवली. भूमिती असेल. चावी परत मिळाली ती चिकट. गूळ होता की दुसरं काही, विचारायची हिंमत झाली नाही. तीनदा साबणाने धुतली.

१९ जानेवारी, सोमवार.
उद्या पांढुर्णा. शर्ट इस्त्री करून ठेवला. सत्काराला उत्तर म्हणून चार शब्द तयार केले, आरशापुढे तीनदा म्हणून पाहिले. शेवटी आवाज जरा भरून आणायचा. अमिता म्हणे, उद्या तरी वेळेवर पोचा.

२१ जानेवारी, बुधवार. दिवसभर घरी. डोकं दुखून राहिलं.
काल लिहिलं नाही. लिहायचंच नव्हतं.

पोचलो १०:५०. पांढुर्ण्यात गाडी लावायला जागा कुठे आहे? मॅडम आणि पोट्टे टेम्पोने केव्हाचे आले होते. साहेब नेमके आमच्याच टेबलाशी. पंकजने रोबो सुरू केला. पहिलाच संत्रा रोबोने असा दाबला की रस सरळ साहेबांच्या बुटावर. पंकज म्हणे, मामाजी, मी तर प्लास्टिकच्या चेंडूवर तपासला होता. साहेबांनी अंकुशला विचारलं, बेटा, ही वायर कशासाठी? अंकुश म्हणे, गुड मॉर्निंग सर. पुन्हा विचारलं तर म्हणे, सर सांगतील. मी म्हटलं, पंकज सांगेल. पंकज म्हणे, आयडिया मामाजींची आहे.

साहेब बूट पुसत शेजारच्या टेबलावर गेले. तिथे तेजस्विनीचा तक्ता. जसा होता तसा उतरवून ठेवतो. म्हणजे उद्या कोणाला दाखवायची वेळ आली तर असावा.

अडचण: सर उशिरा येतात. चावी त्यांच्या खिशात असते.
त्रास कोणाला: ४१ मुलं, १ मॅडम. पहिली तासिका विज्ञान. ३८ दिवस मोजले. तासिका एकदा झाली.
मुलाखत: सर वाईट नाहीत. साडेनऊला निघतात. सतरा किलोमीटर. पोचायला दोन तास लागतात.
प्रयोग १: माझ्या आजीने रोज नऊला फोन केला. सरांनी नंबर ब्लॉक केला. नापास.
प्रयोग २: वसंतकाकाने बाकडं लपवलं. उशीर पंधरा मिनिटं वाढला. नापास.
प्रयोग ३: पांढरी जीप. सर १०:२२ ला आले. मिठाची तासिका झाली. फार छान झाली. पण खोटं बोलावं लागलं. रोज बोलता येत नाही. बंद.
नवीन विचार: सरांना वेळेवर आणणं आम्हाला जमलं नाही. म्हणून अडचण बदलली. शाळा सरांशिवाय कशी उघडेल?
मॉडेल: चावीची पेटी.

पेटी म्हणजे जुना कंपासबॉक्स, त्याला बॅगेचं नंबराचं कुलूप. नंबर मॅडमला आणि पाचवीला माहीत. आत पुठ्ठा, त्यात चावीच्या आकाराची खाच. खाच रिकामी होती.

साहेबांनी सगळं मोठ्याने वाचलं. सुरुवातीला हसले. तिसऱ्या प्रयोगाला हसायचे थांबले. तक्त्याशेजारी लावलेल्या आलेखातल्या लाल दांडीवर बोट ठेवलं, १२:२५. विचारलं, कोणते सर? तेजस्विनीने माझ्याकडे हात केला, जसा फळ्याकडे करतात. घाबरली नाही, चिडलेलीही नव्हती. वर साहेबांना सांगते, आमचे सर शिकवतात चांगलं. मेलो मी तिथे.

साहेबांनी हात पुढे केला. चावी खिशातच होती, बावीस वर्षांची सवय. काढून दिली. अंकुशने ती खाचेत ठेवली. बरोब्बर बसली. अख्खा हॉल टाळ्या वाजवून राहिला. मीही वाजवल्या, काय करणार?

पहिला नंबर पेटीला. तक्त्याखाली मार्गदर्शक म्हणून सुचिता मॅडमचं नाव. माझं नव्हतं, मीच नको म्हटलं होतं. त्याच आता मास्टर ट्रेनर, सुट्ट्यांमध्ये ट्रेनिंग घेतील. पहिल्या बॅचच्या यादीत माझं नाव आहे. पुढची रांग ठेवली आहे म्हणे.

२२ जानेवारी, गुरुवार. शाळा.
आज दाखवूनच द्यायचं होतं. सहाला उठलो. खर्रा नाही. वसंताने बाकडं पुन्हा लावलं होतं, तरी थांबलो नाही. १०:१० ला फाटकावर.

कुलूप उघडं होतं. सवयीने खिशात हात घातला, रुमाल निघाला. ओसरी झाडलेली, पोट्टे सगळे आत, पायरीवर कोणी नाही. पाचवीत तेजस्विनी फळ्यावर पाणी, मीठ आणि तवा काढून चौथीला समजावून राहिली होती, माझ्याच शब्दांत. अंकुश दाराशी आला. विचारते, सर, आज लवकर काहून आले, घरी सगळं बरं आहे ना?

मी म्हटलं, हौ, चालू द्या तुमचं. तासिका संपली की जातो आत. तोपर्यंत बाहेर बसून हे लिहून राहिलो. पायरी लय गार आहे.