तय्यबच्या भिंतीवर विमान नाही

तय्यबा,

चष्मा विसरलो नव्हतो आणि डोकंही ठिकाणावर आहे. हजहून परतशील तेव्हा तुझ्या भिंतीवर विमान नसेल, एवढंच.

"शेजाऱ्यांसारखंच काढ" म्हणाला होतास. गावातून जो हजला जातो त्याच्या घराच्या भिंतीवर त्याच्या प्रवासाचं चित्र मी चाळीस वर्षं काढतोय, वर काबा, खाली विमान, सगळ्यांना तेच. विमानाचा पुठ्ठ्याचा साचा लावायचा, रंग फासायचा. परवा साचा लावला आणि माझ्याच आतून आवाज आला, "बशंदी, हा तय्यबचा प्रवास नाही." तो आवाज आधीही यायचा. मी रेडिओ मोठा करायचो. या वेळी रेडिओच बंद केला.

काबा वर काढलाय, अदबीनं. खाली तू निघालास तो दिवस. तीनदा गाडीतून उतरून म्हशीच्या गळ्यात पडलास, रडलास, ते सगळं आहे. म्हैस निळी आहे. का ते मलाही ठाऊक नाही, हात तिकडेच गेला.

तुझी नफीसा बघून म्हणाली, "अहो भावजी, हाजीसाहेबांपेक्षा म्हैसच देखणी!" आणि हसत हसत खाली बसली. बायका जमल्या, आनंदानं चीत्कारल्या. मीही शिडीवर एवढा हसलो की पडलोच असतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चित्राखाली माझं नाव लिहिलं.

मशिदीतले शेख म्हणतात, "तय्यब मानी माणूस, तोंड बघणार नाही तुझं. चुना फास." तीच भीती मलाही आहे, म्हणून तर लिहायला बसलो. पण हे पत्र पाठवणार नाही. गुरुवारी येशील, तेव्हा आधी भिंत बघ.

चुना फासणार नाही. याउपर एक शब्द बोलणार नाही.

तुझा थोरला भाऊ,
बशंदी