मिठाची रेघ

३ फेब्रुवारी, रोहा

"खारबेंडीच्या बायांनो, मीठ तुम्ही पिकवता, बांध तुम्ही राखता, आणि तुमचं घर कोणाचं असं कोणी विचारलं तर दाखवायला तुमच्याकडे कागदाचा कपटा नाही." उद्याच्या सभेत माझ्या भाषणाची सुरुवात हीच. बदलायची नाही.

शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला काय? घरपट्टीची पावती, तीही सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाची. पिढ्यान् पिढ्या ज्या घरात चूल पेटली, ते कागदावर कोणाचंच नाही. आता सरकार म्हणतं, ड्रोन उडवून मोजू, प्रत्येक घराला नंबर देऊ, नावानिशी मिळकत पत्रिका देऊ. जमीनमोजणीच्या इतिहासावर मी दोन जाड पुस्तकं वाचली आहेत. दोन्हींत मोजणारा येतो तेव्हा गरीब काहीतरी गमावतो. यंत्रावर माझा विश्वास नाही. तरी जाणार. न जाऊन कसं चालेल.

४ फेब्रुवारी, खारबेंडी

सकाळच्या गाडीने निडी, नागोठणं करत पेण. पुढे रिक्षा, पुढे बांधावरून पायी. सभा शाळेच्या अंगणात. मोजणी ऑफिसच्या बाई आल्या होत्या, चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एवढंच सांगितलं: प्रत्येकाने आपल्या घराभोवती चुन्याची रेघ मारा, शेजाऱ्याला समोर उभं करून. उद्या नऊला विमान वर जाईल. ज्याची रेघ नाही त्याची हद्द कॅमेऱ्याला कळणार नाही.

दुपारभर गाव रेघा मारत होतं. असं दृश्य मी पाहिलं नव्हतं. जन्मभर भांडलेले शेजारी दोरीची दोन टोकं धरून उभे. "जरा तिकडं सर की, तुझ्या बापाची हाय काय सगळी?" "बापाचीच हाय." आणि दोघं हसतायत.

खाडीकडच्या शेवटच्या आळीत चुना संपला. ग्रामसेवक म्हणाले, पेणहून उद्या दुपारी आणतो. पण विमान नऊला. हिरा उभी राहिली. ही मिठागरात काम करते, नवरा जाऊन पाच वर्षं झाली, पदरी कोणी नाही. घराला घर लावून दिराचं, धाकूचं घर. अंगण एक.

"ताई, आता काय करायचं?"

मी पायरीवर चढले. म्हणाले, "ज्या मिठाने तुमच्या टाचा फाटल्या, त्याच मिठाने तुमची हद्द आखा." टाळ्या पडल्या. बाया धावत जाऊन पाट्या भरून मीठ घेऊन आल्या. मोजणीच्या बाई काहीतरी बोलायला गेल्या, टाळ्यांत राहून गेलं.

हिराची रेघ: भेंडीच्या जुन्या डेरेदार झाडापासून विहिरीपर्यंत. भाऊ वेगळे झाले तेव्हा म्हाताऱ्या सासऱ्याने हीच वाट वाटणीची ठरवून दिली होती. दोरीचं एक टोक हिराने धरलं, दुसरं धाकूने. तो रोह्याजवळ धाटावला कंपनीत आहे, सुट्टी टाकून आला होता. मीठ ओतताना म्हणाला, "वयनी, सरळ ओत गो, नायतर वरून सापासारखी दिसंल."

संध्याकाळच्या उन्हात ती रेघ चमकत होती. आजचं भाषण बरं झालं. मुक्काम हिराकडे.

५ फेब्रुवारी, खारबेंडी

काय लिहू.

नऊला सगळं गाव शाळेच्या मैदानात. मागे घरात एक माणूस नाही, आजारी म्हातारीलासुद्धा खाटेसकट आणलेलं. ते यंत्र एवढंसं, चार पंख्यांचं. गुणगुणत उठलं आणि बघता बघता कावळ्याएवढं झालं, मग माशीएवढं. ऊन फार म्हणून मी छत्री उघडली.

मग बाईंनी हातातल्या टॅबच्या पाटीवर चित्र दाखवलं. गाव. पूर्ण गाव, एका नजरेत. या गावाबद्दल मी किती वर्षं बोलतेय, आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं. खाडी अशी वळून गावाला कुशीत घेते, हे मला माहीत नव्हतं. मिठाचे आगर आरशाच्या तुकड्यांसारखे. बायांची गर्दी झाली. पण गोंगाट नाही. एकेक बोट पुढे येत होतं. "ही माझी सुकट वाळत घातलेली." "ही आमची न्हाणी." एका म्हातारीने बोट लावलं आणि ते तिथेच ठेवलं, काढेना.

ग्रामसेवक म्हणाले, ताई, दोन शब्द बोला. मी नको म्हणाले. असं याआधी झालेलं आठवत नाही.

६ फेब्रुवारी, रोहा

परत आले. गाडीत सारखं वाटत होतं की आपणही वरून कोणाला तरी दिसतोय. पुस्तकांत मोजणारा हत्तीवरून येतो, घोड्यावरून येतो, साखळी घेऊन येतो, आणि लोक घरात लपतात. काल लोक घरं उघडी टाकून मैदानात आले होते. हे कुठल्या पुस्तकात नाही. विचार करायला हवा.

१६ एप्रिल, रोहा

हिराचा फोन. ग्रा.पं.च्या भिंतीवर नकाशा लागलाय. आवाज अगदी शांत.

"ताई, माझं घर धाकूच्या पोटात गेलं."

१७ एप्रिल, पेण

खारबेंडीला जाऊन आले. नकाशा भिंतभर. आधी पुन्हा तेच झालं, पाय खिळले. प्रत्येक घर, प्रत्येक बोळ, विहिरीचा गोल. हाताने काढायला एका माणसाचं आयुष्य गेलं असतं.

मग शेवटची आळी. जिथे चुना होता तिथे घरागणिक नंबर. जिथे मीठ होतं तिथे घोळ. बाकीच्यांच्या निदान भिंती वेगळ्या, छपरं वेगळी, त्यावरून निभावलं. हिरा आणि धाकू यांचं मात्र एकच घर, एकच अंगण, एकच नंबर, नाव धाकूचं.

रेघ कुठे गेली? आळीतल्या सगळ्यांना माहीत होतं, मला सांगायची भीड वाटत होती. रात्री दहिवर पडलं, मीठ मातीत जिरलं. आणि सकाळी आम्ही सगळे मैदानात माना वर करून उभे असताना उरलेलं मीठ बकऱ्यांनी चाटलं. मिठागरावर जन्म गेलेल्या बायांना हे कळत नव्हतं? कळत होतं. हिराच म्हणाली, "मनात आलता. पण तुमी एवढं चांगलं बोलला, मंग कोण बोलनार?"

माझ्या एका वाक्याने तिचं घर गेलं.

आणि छप्पर? दोन घरांवर पत्रे सलग आहेत. भाऊ गेल्यावर वहिनीच्या घरात गळतं म्हणून धाकूनेच ते टाकून दिले. आभाळातून ते एकच घर दिसणार, दुसरं काय.

१८ एप्रिल, पेण

आज पुन्हा जाऊन आळीत सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी. छोटं भाषण. टाळ्या नाहीत, बरं झालं. एक म्हातारा म्हणाला, "ताई, चूक बकऱ्यांची. तुमी खाल्लं नाय ना मीठ."

हिराला विचारलं, धाकू त्रास देईल का?

"धाकू देव मानूस. पन धाकू काय जन्माला पुरनार हाय? उद्या त्याची पोरं, त्यांच्या बायका. मी कोन त्यांची? बोलतील, काकी, तुजं काय हाय हितं." मग, "माझं नाव कुठंच नाय, ताई. रेशन कार्डात हाय तेवडंच. भिंतीवर यावं एकदा."

२२ एप्रिल, पेण

मोजणी ऑफिस. हिरा, मी, आणि त्या बाई. मी भांडायच्या तयारीने गेले होते, कलमं पाठ करून. बाई म्हणाल्या, "बसा. आधी मूळ फोटो बघू. नकाशा माणसाने फोटोवरून काढलाय. फोटोत काय आहे ते फोटोलाच विचारू."

संगणकावर गाव उघडलं. बाईंनी माउसचं चक्र फिरवलं, गाव खाली खाली यायला लागलं. खाडी बाजूला गेली, आळी आली, पत्रे आले, अंगण आलं. भेंडीचं झाड. विहीर. मधे माती. रेघ नाही.

बाई आणखी खाली उतरल्या. मातीवर काही ठिपके होते. तांदळाच्या दाण्यांएवढे, पांढरे, काळे, तांबडे. मला काही कळेना. हिरा खुर्चीतून उठली, पडद्याला नाक लावलं.

"ही माझी लंगडी."

"काय?"

"बकरी. आन ही तिची पोर, पाट. ही धाकूची तांबडी. ही पन त्याचीच, तिचं शिंग मोडलंय."

बाई म्हणाल्या, "अहो, यात शिंग कुठून दिसणार?"

"मना दिसतंय."

मग आम्हा तिघींना एकदमच दिसलं. नऊ बकऱ्या. भेंडीच्या झाडापासून विहिरीपर्यंत. माना खाली. कोणी इकडची, कोणी तिकडची, पण तोंडं सगळ्यांची एकाच ओळीत. चाटतायत. रेघ त्यांच्या पोटात गेली होती आणि त्या स्वतः रेघेवर उभ्या होत्या. त्याच घडीला वरून ते यंत्र गेलं असणार.

बाईंनी पदराने डोळे पुसले. हसत होत्या. मलाही हसू आवरेना. हिरा तेवढी गंभीर, बकऱ्या मोजत होती, चुकीची एकही नाही ना म्हणून.

निघताना बाईंनी चित्र बाजूला सरकवलं. शाळेचं मैदान. सगळ्या गावाचे चेहरे, वर केलेले, मोहरीएवढे. मधे एक काळा ठिपका.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमची छत्री," हिरा म्हणाली.

चाळीस वर्षं बोलतेय. पहिल्यांदा कळलं, वरून केवढी दिसते.

२३ एप्रिल, रोहा

व्यवहाराचं. बाईंनी स्पष्ट सांगितलं: बकऱ्या हा पुरावा होत नाही. चौकशी अधिकारी २८ तारखेला गावात बसणार, त्या दिवशी हरकती संपणार. हिराने स्वतः हरकत द्यायची, फोटो जोडायचा. ती आज अंगठा न लावता सही करून देऊन आली. पण शेजाऱ्याने लिहून द्यायला हवं की हो, हद्द इथूनच होती. शेजारी म्हणजे धाकू. त्याची सही आली तर नकाशात रेघ ओढून दोन नंबर पडतील. नाही आली तर वाद म्हणून नोंद, आणि तो कोर्टात किती वर्षं, कोण जाणे.

आभाळातून एवढं सगळं दिसलं. शेवटी एका माणसाचा हात लागतोच. याचं मला वाईट वाटत नाही. उलट.

२५ एप्रिल, रोहा

धाटावला गेले. धाकू पहिल्या शिफ्टमधून सुटला, गेटबाहेर टपरीवर बसलो. चहा त्याने पाजला. फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग, "ही आपली तांबडी. हावरट लय."

सहीचा कागद पुढे केला. हात मागे घेतला त्याने.

"ताई, दादा गेला तवा मी सगल्या गावासमोर बोललो व्हतो, वाटनी कदीची झाली, पन वयनीला आता वेगलं काढनार नाय. म्हनून पत्रे सलग टाकले. आता मीच सही करू, दोन घरं करा म्हनून? गाव काय बोलंल? धाकूने भावजयीला कागदावर घराबाहेर काढली."

लोभाशी लढायची सवय आहे मला. याच्याशी कसं लढायचं? हा तर शब्द पाळतोय.

म्हणाले, "धाकू, वेगळं काढणं नाही हे. तिचं नाव लिहिणं आहे. पत्रे राहू देत की सलग."

"बघतो."

"तिने स्वतः मागितलंय रे."

मान खाली. "मना नाय बोलली."

"तुला कशी बोलेल? तू पत्रे घातलेस तिला."

बस आली. तो गेला. कागद माझ्याकडे.

२६ एप्रिल, रोहा

हिराला फोन केला. म्हटलं, धाकूशी तू बोल. "त्याच्याफुडं कशी बोलू? दीर हाय." दोघं एकाच अंगणात राहतात, एकमेकांचं मन राखण्यासाठी एकमेकांशी बोलत नाहीत. पण आज म्हणाली, सकाळी भेंडीपासून विहिरीपर्यंत पुन्हा रेघ मारलीय. या वेळी चुन्याची, ग्रामसेवकांकडून मागून आणून. बकऱ्या बांधून ठेवल्यात. धाकू रविवारचा घरी आला, रेघ बघितली. ओलांडून गेला, तुडवून नाही.

एवढ्यावर किती आशा ठेवायची?

२७ एप्रिल, रोहा

उद्या २८. धाकूची सकाळची शिफ्ट. पहाटेच्या बसला गेटवर जाऊन उभी राहणार. कागद, पेन, आणि नऊ बकऱ्यांचा फोटो. अधिकारी गावात अकराला बसतील, सही घेऊन मला तोवर खारबेंडीला पोचायचं आहे.

भाषण लिहायला बसले होते. चार पानं झाली. घटना, हक्क, स्त्रियांचा वारसा, सगळं आलं. फाडून टाकली. समोर सभा नाही, एकच माणूस आहे, डबा हातात घेतलेला. त्याला एवढंच सांगायचं:

धाकू, त्या दिवशी दोरीचं दुसरं टोक तूच धरलं होतंस. इथे सही कर.