पाच सवाष्णी आणि एक राखीव खेळाडू

उइटहॉर्न, १९ नोव्हेंबर २००५

ती. सरलावन्सं यांना नीलांबरीचा नमस्कार.

त्या सकाळी मी पाच नारळ खवले, पुरणाची डाळ शिजत घातली, अमृताच्या हिरव्या साडीला इस्त्री केली आणि ओटीचे तांदूळ निवडले. खरं तर पत्राची सुरुवात तुमच्या गुडघ्यांच्या चौकशीने व्हायला हवी, पण सूनबाईंच्या डोहाळजेवणाची ती सकाळ डोक्यातून जात नाही, तेव्हा गुडघ्यांनी जरा थांबावं. (तेल लावता ना? लावत नसणार.) आम्ही सगळे इथे खुशाल आहोत.

नारळ खवताना खाली पसरायला मी अभिजितने छापून आणलेले कागद घेतले होते. सातवीनंतरचं माझं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर झालं, त्यामुळे छापलेला कागद वाचल्याशिवाय मला टाकवत नाही, हे तुम्ही जाणताच. हे कागद निघाले अमेरिकन फुटबॉलचे. (नाव फुटबॉल असलं तरी चेंडू हातात धरून पळतात. अभिजितला ऑफिसातल्या अमेरिकन मंडळींनी हा नाद लावला आहे.) त्यात सराव संघाचे नियम होते. मुख्य संघात त्रेपन्न जण, आणि त्यांच्याशिवाय आठ जण नुसते सरावासाठी ठेवलेले. हे आठ रोज येतात, सगळे डाव त्यांना पाठ असतात, पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेऊन आपल्याच माणसांचे धक्के खातात, आणि सामन्याच्या दिवशी मैदानात उतरत नाहीत. मी खवणी थांबवून तेवढं पुन्हा वाचलं. अमेरिकेतल्या लोकांना माझी इतकी नेमकी माहिती कोणी दिली, कळेना. (हे असते तर मला प्रत्येक नियम मोठ्याने विचारला असता, आणि उत्तर मला येतं म्हणून रुसले असते. सात वर्षं झाली, वन्सं, पण काही वाचलं की सांगायला अजून आधी तेच आठवतात.)

कार्यक्रमाची सूत्रं शेजारच्या सुचेताकडे होती. ती पुण्याची, त्यामुळे सगळं मिनिटावर. पाच सवाष्णींनी ओटी भरायची, पैकी विशाखा बेस्ट नावाच्या गावाहून येणार होती. अकरा वाजता तिचा फोन आला की रुळांवर झाडांची पानं पडल्यामुळे गाड्या बंद आहेत. (थट्टा नाही. या डच लोकांनी समुद्र अडवला आहे, पण पानांपुढे हात टेकतात.) उरल्या चार. सुचेताने खोलीभर नजर फिरवली. बायका होत्या, पण दोघी कुमारिका, नववा भरलेली मंजूषा, आणि स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत मी. तिची नजर माझ्यावरून अगदी अदबीने पुढे सरकली, आणि ती चप्पल घालून समोरच्या घरातल्या मरायकेला घेऊन आली.

मरायके बाई फार गुणी. पण वन्सं, तिचं लग्न झालेलं नाही. ती सोळा वर्षं एका गृहस्थांबरोबर राहते. सुचेता हळूच म्हणाली, गृहस्थ जिवंत आहेत, तेवढं पुरे. मरायकेला ओंजळ कशी धरायची ठाऊक नव्हतं, नारळाची शेंडी कुठे हवी ठाऊक नव्हतं. ते सगळं मी दारातून खुणांनी शिकवलं. तिने उत्तम भरली. मी पुरणपोळ्या लाटायला आत गेले.

दोन दिवसांनी मंजूषाला मुलगी झाली. ही झुइडओस्टला राहते, आईला व्हिसा मिळाला नाही. विम्यातर्फे बाळंतिणीच्या मदतीला येणारी बाई आठ दिवस येऊन गेली, आणि परवा मंजूषाचा मला फोन आला.

"काकू, रविवारी बारसं आहे. माझी ओटी तुम्ही भरायची."

मी म्हटलं, अगं, मला चालत नाही.

"माझी आईच भरणार होती. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तिला कोणी मागे बसवलं असतं तर मी पाटावर बसलेच नसते." आणि मग, "नंतर तीन आठवडे राहाल का हो?"

मी फोन ठेवून ते कागद शोधले. (नारळाचे डाग होते, पण अक्षर शाबूत.) दुसऱ्या संघाला सराव संघातला माणूस नेता येतो, पण एका अटीवर: त्याला थेट त्रेपन्नांत घ्यायचं. इथून उचलून तिथल्या सरावात ठेवायचं नाही. आणि नेलं की निदान तीन आठवडे जागा द्यायची. माणूस नको म्हणू शकतो. त्याच्या स्वतःच्या संघालाही त्याला केव्हाही मुख्य संघात घेता येतं. नुसतं जाऊ नकोस म्हणून भागत नाही.

रात्रीच्या जेवणाला मी हे सांगितलं. अभिजितचा घास हातातच राहिला. "आई, तू हे वाचलंस कधी?" अमृता मात्र हसली नाही. म्हणाली, तुम्ही गेलात तर माझं कोण बघणार? मी म्हटलं, तुला जानेवारी लागणार, मी डिसेंबरात परत येते. ती ताटात बघत राहिली.

"मला तुमच्या हातून हवी होती ओटी."

"मग मागायचीस."

"विचारलं होतं मी. तुम्हाला नाही, पण विचारलं होतं."

मी अजून मंजूषाला हो म्हटलेलं नाही. बारसं उद्या आहे.

तब्येत सांभाळा. थोरामोठ्यांना नमस्कार.

आपली,
नीलांबरी

ता.क. अमृताने कोणाला विचारलं होतं ते तिने काल सांगितलं. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी तिने पुण्याला फोन केला आणि तुम्ही "नको" म्हणालात. मी रागावलेले नाही. यांच्या तेराव्याला तुम्ही मला मागे बसायला सांगितलंत तेव्हा तुम्हीही रडत होतात, तुमचा भाऊ गेला होता. पण एक मागणं आहे, आणि एवढं लांबलचक पत्र त्यासाठीच लिहिलं. जानेवारीत अमृताच्या बाळाचं बारसं होईल. त्याआधी तिला तुम्ही आपणहून फोन करा आणि सांगा की ओटी सासूबाईंनी भरायची. माझ्या सांगण्याने ती ऐकेल, पण तिच्या मनातली भीती तुमच्या सांगण्यानेच जाईल.

ता.क. २. शनिवारी टपाल निघून गेल्यामुळे पत्र माझ्याकडेच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन साड्या पिशवीत घातल्या, बसने झुइडओस्टला गेले आणि मंजूषाची ओटी भरली; हे तिच्याच घरून लिहिते आहे.